लॅटिनचं 'सुम' घरातल्या साध्या वाक्यांत कसं वापरायचं?

कावेरी_फ्रायबुर्ग

नमस्कार मंडळी. आम्ही जर्मनीत राहतो, मुलगी इथल्या गिम्नासियुममध्ये सहावीत आहे आणि दुसरी परकी भाषा म्हणून तिने फ्रेंच न घेता लॅटिन घेतलंय. इथे त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही, पुढे विद्यापीठात इतिहासासारखे विषय घ्यायचे तर काही ठिकाणी अजूनही 'लाटिनुम' नावाची पात्रता लागते. तिच्याबरोबर मीही शिकायला बसले. मी मराठी माध्यमाची, आठवी ते दहावी संस्कृत होतं, पुढे काही संबंध राहिला नाही.

तर पहिल्याच धड्यात 'सुम' आलं, म्हणजे 'मी आहे'. सुम, एस, एस्त, सुमुस, एस्तिस, सुन्त. तक्ता चोख पाठ झालाय, पोरगी झोपेत उठवून विचारलं तरी म्हणेल. अडचण पुढे आहे. पुस्तकात सगळं 'गुलाम शेतात आहे' आणि 'सैनिक छावणीत आहेत' असलं, आणि आम्हाला हे घरात वापरायचंय, कारण वापरल्याशिवाय भाषा डोक्यात बसत नाही असं माझं ठाम मत आहे. आई घरी आहे का? मला एक भाऊ आहे. माझी आई डॉक्टर आहे. काल कुठे होतीस? मला गृहपाठ करायचाय. भूक लागलीय. इतकी साधी वाक्यं. मुलगी ती जर्मनमधून करते, मी इंग्रजीतून, आणि दोघींची गाडी दर वेळी 'हाबेओ' वर जाऊन थांबते कारण जर्मनमध्ये 'हाबेन' आणि इंग्रजीत 'हॅव'. हे बरोबर आहे का? 'सुम' नेमकं कुठे कुठे चालतं? ज्यांनी शिकलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मुलीला वाचून दाखवणार आहे.

---

शब्दवेडा

कावेरीताई, फार छान करताय तुम्ही दोघी. माझं एकच सांगणं, 'सुम' साठी इंग्रजी आणि जर्मन दोन्ही बाजूला ठेवा आणि सरळ मराठीतून जा, खूप सोपं पडेल.

आधी तुमचं शाळेतलं संस्कृत काढा. अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति. त्याशेजारी सुम, एस, एस्त, सुमुस, एस्तिस, सुन्त मांडा. अस्ति आणि एस्त, सन्ति आणि सुन्त, हा योगायोग नाही, मूळ धातू एकच आहे. लॅटिनमध्ये द्विवचन उरलेलं नाही त्यामुळे स्वः, स्थः, स्तः ची कटकट वाचली. आणि उच्चार करताना तो आपला दंत्य 'त' करा, 'ट' नाही, मराठी जिभेला ते फुकटात मिळतं.

आता तुमची वाक्यं. 'आई घरी आहे का?' म्हणजे 'एस्तने मातेर दोमी?' यातला 'ने' म्हणजे आपला 'का', फक्त तो वाक्याच्या शेवटी न येता पहिल्या शब्दाला चिकटतो. आणि 'दोमी' नीट बघा, 'घरी'. आपण 'घरामध्ये आहे' म्हणत नाही, नुसतं 'घरी' म्हणतो, तसंच त्यांचं. लॅटिनमध्ये सप्तमी बहुतेक शब्दांतून गेली, पण घर, गाव-शिवार आणि शहरांच्या नावांत टिकली. 'दोमी सुम', घरी आहे. 'रूरी सुम', गावाकडे आहे. 'रोमाए सुम', रोमला आहे. बाकी ठिकाणी 'इन' लावायचं, 'इन स्कोला सुम', शाळेत आहे. 'मी' साठी 'एगो' प्रत्येक वेळी म्हणायची गरज नाही, आपणसुद्धा फोनवर 'घरी आहे' एवढंच म्हणतो ना.

उत्तर काय द्यायचं? इंग्रजीतल्या 'येस' सारखा एकच ठरलेला शब्द जुन्या लॅटिनमध्ये नाही, क्रियापदच परत म्हणतात. 'एस्तने मातेर दोमी?' 'एस्त.' आहे का घरी? आहे. नसेल तर 'नोन एस्त'. 'आहे ना?' असं होकार धरून विचारायचं तर 'नोन्ने', आणि 'वेडा आहेस की काय?' असं नकार धरून विचारायचं तर 'नुम': 'नुम इन्सानुस एस?' हे मुलांना लगेच आवडतं.

'मला एक भाऊ आहे' साठी 'हाबेओ' अगदी चुकीचं नाही, पण 'मिही फ्रातेर एस्त' हे आपल्या जास्त जवळचं. मिही म्हणजे मला, चतुर्थी. मला भाऊ आहे, जसंच्या तसं. नाव सांगतानाही हेच, 'मिही नोमेन एस्त' आणि पुढे नाव. (जाता जाता, जर्मन 'हाबेन' आणि लॅटिन 'हाबेओ' दिसायला सख्खे भाऊ वाटतात पण त्यांचं मूळ वेगळं आहे, मुलीला शाळेत विचारायला सांगा.) 'माझी आई डॉक्टर आहे' म्हणजे 'मातेर मेआ मेदिका एस्त', दोन्हीकडे प्रथमा, आणि क्रियापद शेवटी, मराठीसारखंच.

आता खरी मजा. 'मला गृहपाठ करायचाय.' इंग्रजीतून आलात तर इथे घाम फुटतो, मराठीतून आलात तर वाक्य तयारच आहे: 'मिही पेन्सुम फाकिएन्दुम एस्त'. मिही मला, पेन्सुम गृहपाठ, फाकिएन्दुम करायचा, एस्त आहे. आणि हे 'करायचा-करायची-करायचं' आपल्याकडे कशावरून ठरतं? कर्मावरून. तिकडेही तेच! चिठ्ठी लिहायची आहे, 'एपिस्तुला स्क्रिबेन्दा एस्त', एपिस्तुला स्त्रीलिंगी म्हणून स्क्रिबेन्दा. पुस्तक वाचायचं आहे, 'लिबेर लेगेन्दुस एस्त', लिबेर त्यांच्याकडे पुल्लिंगी म्हणून लेगेन्दुस. पुस्तकं वाचायची आहेत, 'लिब्री लेगेन्दी सुन्त'. आणि कर्मच नसेल तर आपण काय करतो, नपुंसकलिंग घालतो, मला झोपायचंय, मला जायचंय. लॅटिन: 'मिही दोर्मिएन्दुम एस्त', 'मिही एउन्दुम एस्त'. नपुंसकच! संस्कृतात तव्य-अनीय ला 'मया' असं तृतीयेत येतं, पण लॅटिनचं 'मिही' आपल्या 'मला' शीच जुळतं. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा इतका आनंद झाला की काय सांगू.

'कार्थागो देलेन्दा एस्त' हे थोरला कातो या रोमन राजकारण्याचं म्हणून प्रसिद्ध असलेलं वाक्य याच घाटाचं, 'कार्थेज नष्ट करायचं आहे'. तो हेच घोकत राहिला आणि इसवी सनपूर्व 146 मध्ये रोमनांनी ते शहर खरंच पाडलं.

---

वसईकर

शब्दवेडा, जबरदस्त लिहिलंय. मी थोडं आमच्या बाजूने सांगतो. वसईतल्या ख्रिस्ती घरांत आमच्या आजीच्या पिढीला लॅटिन कानावरून पाठ होतं, कारण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (1962 ते 65) आधी मिस्सा (चर्चमधली उपासना) लॅटिनमध्येच असायची, मराठीत नंतर आली. आजीला व्याकरण काही माहीत नव्हतं, पण तिच्या तोंडी 'सुम' ची रूपं रोज असायची.

'पातेर नोस्तेर, क्वी एस इन चेलिस.' हे 'एस' म्हणजे 'तू आहेस', जो तू स्वर्गात आहेस. 'सिकुत एरात इन प्रिंचिपिओ, एत नुंक, एत सेम्पेर', जसं आरंभी होतं तसं आत्ता आणि सदैव, यातलं 'एरात' म्हणजे 'होतं'. आणि शेवटी 'इते, मिस्सा एस्त'. तीन प्रार्थनांत तीन रूपं आली बघा. तुमच्या मुलीने ही वाक्यं नुसती ऐकली तरी एस, एरात, एस्त कुठे बसतात ते कानात राहील. फक्त चर्चचा उच्चार इटालियन वळणाचा असतो, ए आणि इ च्या आधीचा 'क' तिथे 'च' होतो, म्हणून मी 'चेलिस' लिहिलं, शाळेत 'काएलिस' शिकवत असतील, घाबरू नका, शब्द एकच.

अजून एक घरात वापरायला मस्त शब्द, 'आद्सुम'. आद् अधिक सुम, म्हणजे 'हजर'. लॅटिन विधीत दीक्षा घेणाऱ्या उमेदवाराचं नाव पुकारतात तेव्हा तो पुढे येऊन 'आद्सुम' म्हणतो. जेवायला हाक मारली की मुलीने 'आद्सुम' म्हणायचं, झालं! याचीच भावंडं म्हणजे 'आब्सुम' (मी इथे नाही), 'पोस्सुम' (मी करू शकते) आणि 'प्रोसुम' (मी उपयोगी पडते). तुम्ही जर्मनीत आहात म्हणून सांगतो, ग्लास उचलताना लोक 'प्रोस्ट' म्हणतात ना, ते 'प्रोसित' चं आखूड रूप, 'लाभो', 'बाधू नये, मानवो' असं. म्हणजे तुमच्या गल्लीतल्या प्रत्येक बिअर बारमध्ये 'सुम' चं घराणं रोज बोललं जातंय.

---

कावेरी_फ्रायबुर्ग

अरे देवा, 'प्रोस्ट'! हे मुलीच्या बाबाला सांगितलं तर तो आधी उठून फ्रिज उघडेल.

शब्दवेडा, तुमचं करायचा-करायची वालं आम्ही दोघींनी लगेच करून पाहिलं. 'मला भांडी घासायची आहेत' याचं तिने शब्दकोश बघून 'मिही वासा लावान्दा सुन्त' केलं. भांडी आपल्याकडे नपुंसकलिंगी अनेकवचन आणि 'वासा' पण तेच निघालं! तिला मराठीतलं लिंग-वचन मी इतकी वर्षं समजावतेय, आज लॅटिनमुळे ती स्वतःहून विचारत होती की 'भांडी' ला 'घासायची' का आणि 'कपडे' ला 'धुवायचे' का. पण भूक लागलीय राहिलंच. आणि 'मी जेवतेय'?

---

नागपूरचा_वकील

दोन मिनिटं माझी पण. आम्ही कोर्टात 'सुम' ची रूपं दिवसभर वापरतो पण फार थोड्यांना ते माहीत असतं.

इंग्रजी मजकुरात आय डॉट ई डॉट येतं ते 'इद एस्त', 'ते आहे', म्हणजेच. फौजदारी कायद्याचं पहिलं सूत्र, 'आक्तुस नोन फाकित रेउम निसि मेन्स सित रेआ', मन दोषी असल्याशिवाय नुसतं कृत्य माणसाला गुन्हेगार ठरवत नाही. यातलं 'सित' म्हणजे 'असेल', 'असो' या अर्थाचं रूप (सिम, सीस, सित, सीमुस, सीतिस, सिन्त). 'मेन्स रेआ' सगळे म्हणतात, मधला 'सित' गळून पडलाय.

आणि 'कुई बोनो'. लोक याचा अर्थ 'काय चांगलं' असा काहीतरी लावतात, तो तसा नाही. पूर्ण 'कुई बोनो फुइस्सेत', कोणाच्या फायद्याचं झालं होतं. सिसेरोने इसवी सनपूर्व 80 मध्ये रोस्किउसचा बचाव करताना हा प्रश्न मांडला, वडिलांच्या खुनाचा आरोप मुलावर होता, आणि हे विचारायची सवय कासिउस नावाच्या जुन्या न्यायाधीशाची असं तो स्वतः सांगतो. 'सुम' बरोबर दोन चतुर्थ्या, एक 'कोणाला' आणि एक 'कशासाठी'. घरात वापरायला याच घाटाचं 'होक मिही कुराए एस्त', मला याची काळजी आहे.

आणि शब्दवेडा यांच्या 'करायचं' ला जोडून, आपण मीटिंगचा 'अजेंडा' म्हणतो तो शब्द हाच. 'आगेन्दा', करायच्या गोष्टी. 'मेमोरँडम' म्हणजे लक्षात ठेवायचं.

---

रात्रपाळी

सगळे उत्साहात आहेत आणि मलाही वाचून भारी वाटलं, पण शब्दवेडा यांच्या 'सरळ मराठीतून जा' ला मला थोडा लगाम घालावासा वाटतो. मी गोव्यात शिकवणी घेतो, मुलं इंग्रजीतून येवोत की मराठी-कोंकणीतून, चुका होतातच, फक्त वेगवेगळ्या होतात, आणि मराठी मुलांच्या ठरलेल्या चुका आहेत.

एक नंबर, 'मी जेवत आहे'. मराठीत 'आहे' दिसलं की मुलं 'सुम' टाकतात. अजिबात नाही. लॅटिनमध्ये जेवते आणि जेवत आहे याला एकच रूप, 'केनो'. जातेय म्हणजे 'एओ', वाचतेय म्हणजे 'लेगो'. 'सुम' लावून चालू काळ होत नाही म्हणजे नाही.

'भूक लागली आहे' मध्येही तेच. 'एसुरिओ', एका शब्दात काम. तहान लागली, 'सितिओ', वसईकरांना हा शब्द माहीत असणार, क्रुसावर येशू जे म्हणतो ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या लॅटिन भाषांतरात हेच आहे. पाऊस पडतोय, 'प्लुइत'. मला माहीत आहे, 'स्किओ'. यात कुठेही 'सुम' नाही. 'मला आवडतं' मध्ये मात्र 'मला' टिकतं, 'मिही प्लाकेत', फक्त क्रियापद वेगळं.

सगळ्यात फसवं म्हणजे 'एपिस्तुला स्क्रिप्ता एस्त'. इंग्रजीवाला याचं 'पत्र लिहिलं जातं' करतो, मराठीवाला 'लिहिलेलं आहे' करतो. मराठीवाला जवळ येतो, पण लॅटिनमध्ये हा सरळ भूतकाळ आहे, 'पत्र लिहिलं गेलं'. आत्ता लिहिलं जात असेल तर 'स्क्रिबितुर', तिथे 'एस्त' येतच नाही.

आणि 'करायचंय' बद्दल. आपल्या 'मला जायचंय' मध्ये इच्छा पण असते आणि भाग आहे म्हणून पण असतं. लॅटिनच्या 'एउन्दुम एस्त' मध्ये फक्त दुसरं, गेलंच पाहिजे. मुलगी 'मला आइस्क्रीम खायचंय' म्हणत असेल तर तिथे 'वोलो' हवं, मला हवंय, माझी इच्छा आहे. भांड्यांना 'लावान्दा सुन्त' अगदी फिट, आइस्क्रीमला नाही.

एक मात्र मराठी-संस्कृतवाल्यांना आयतं मिळतं, 'मला पाण्याची गरज आहे', 'ओपुस एस्त मिही आक्वा'. पाणी इथे पंचमीत जातं, आणि लॅटिनच्या पंचमीने जुन्या तृतीयेचं काम स्वतःकडे घेतलंय. संस्कृतातही 'जलेन प्रयोजनम्' अशी तृतीयाच. इंग्रजीवाल्या मुलांना हे समजावताना माझा तास जातो.

---

शब्दवेडा

रात्रपाळी, सगळं मान्य, 'जेवत आहे' चं तर फारच महत्त्वाचं. तरी माझं म्हणणं मी सोडत नाही. तुम्ही सांगितलेल्या जागा मोजक्या आहेत, त्या एकदा बजावून सांगितल्या की पोरं सांभाळतात. उलट 'मला', 'घरी', 'करायची' आणि प्रश्नाला क्रियापदानेच उत्तर, या चारही गोष्टी इंग्रजीतून शिकणाऱ्याला मुळापासून शिकाव्या लागतात. मराठी मूल त्या बोलतच मोठं होतं आणि आपण त्याच्या हातात इंग्रजी व्याकरण देऊन त्या विसरायला लावतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

कावेरी_फ्रायबुर्ग

रात्रपाळी सर, 'एसुरिओ' आता आमच्याकडे दिवसातून दहा वेळा ऐकू येणार. आजपासून जेवणाच्या टेबलावर हे चालू करतोय: 'उबि एस?' 'हीक सुम.' 'हेरी उबि एरास?' 'इन स्कोला एराम.' 'क्रास दोमी एरो.' (कुठे आहेस? इथे आहे. काल कुठे होतीस? शाळेत होते. उद्या घरी असेन.) आणि वाढताना 'सातिस एस्त', पुरे. बरोबर आहेत ना?

शेवटचा प्रश्न मुलीचा. पुस्तकात 'होतो' साठी 'एराम' पण आहे आणि 'फुई' पण आहे. कुठे कुठलं? तिला झोपताना गोष्ट सांगायची तर सुरुवात कशाने करायची?

---

शब्दवेडा

टेबलावरची सगळी वाक्यं बरोबर.

'एराम' म्हणजे त्या वेळी चालू असलेली स्थिती, होते, असायचे. 'काल घरी होते, पाऊस पडत होता' यातलं 'होते' ते एराम. 'फुई' म्हणजे होऊन गेलं, संपलं, आता बंद खातं. व्हर्जिलच्या महाकाव्यात ट्रॉय जळताना पांथुस म्हणतो 'फुइमुस त्रोएस, फुइत इलिउम', होतो आम्ही ट्रॉयचे, होतं इलियम (ट्रॉयचंच दुसरं नाव). अर्थ असा की आता नाही. तिथे 'एरामुस' घातलं असतं तर सगळा जोर गेला असता. रोमन थडग्यांवर एक वाक्य इतकं चालायचं की नुसती आद्याक्षरं कोरत: 'नोन फुई, फुई, नोन सुम, नोन कुरो'. नव्हतो, होतो, नाही, फिकीर नाही. चार तुकड्यांत 'सुम' चे दोन काळ.

पत्राचंही असंच होतं, सुरुवातीला 'सी वालेस, बेने एस्त, एगो वालेओ' याची आद्याक्षरं लिहायची, तू खुशाल असशील तर छान, मीही खुशाल आहे. आपल्या जुन्या पत्रातलं 'येथील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' आठवतंय ना? मुलीला आजीला असं पत्र लिहायला सांगा.

गोष्टीची सुरुवात 'एराम' च्या घराण्यातून करायची आणि क्रियापद पहिलं आणायचं. अपुलेइउस या दुसऱ्या शतकातल्या लेखकाची क्युपिड आणि सायकीची गोष्ट 'एरान्त इन क्वादाम किविताते रेक्स एत रेगीना' अशी सुरू होते, होते एका नगरात राजा आणि राणी. आपल्या 'एक होता राजा' मध्ये 'होता' राजाच्या आधी येतो, तसंच. पुढच्याच वाक्यात त्यांना तीन मुली होत्या असं तो सांगतो आणि तिथे 'हाबुएरे' वापरतो, म्हणजे 'हाबेओ' चंच रूप, त्यामुळे तुम्ही दोघी 'हाबेओ' म्हणत होतात ते काही पाप नव्हे.

पण घरी सांगताना 'सुम' नेच सांगा. 'एरात ओलिम रेक्स', एकदा एक राजा होता. 'रेगी त्रेस फिलिआए एरान्त', राजाला तीन मुली होत्या, रेगी म्हणजे राजाला, परत तीच चतुर्थी. 'फिलिआए रेगी इन मात्रिमोनिउम दान्दाए एरान्त', राजाला मुली लग्न करून द्यायच्या होत्या, द्यायच्या म्हणजे दान्दाए, कारण मुली स्त्रीलिंगी अनेकवचन, आणि 'आहेत' चं 'होत्या' केलं की 'सुन्त' चं 'एरान्त'. याच्या पुढचं राजकन्यांना काय हवं होतं ते तिला ठरवू दे, तिथे 'वोलो' लागेल.